शिक्षक व्हायचंय? आधी वर्ग ठरवा, मग कोर्स

यावेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत. गेल्या अंकात बी.एड. बद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, अगदी निपाणीपर्यंतच्या वाचकांनी लिहिलं, आणि जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात "कुठला कोर्स करू" अशीच आहे. अध्यापक महाविद्यालयात शिकवताना मला हेच रोज दिसतं, पोरं आधी कोर्सला पैसे भरतात आणि मग कळतं की ज्या वर्गाला शिकवायचं होतं त्याला हा कोर्स चालतच नाही. म्हणून माझं एकच सांगणं आहे, समोर किती वर्षांची मुलं हवीत ते आधी ठरवा. पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी-दहावी, अकरावी-बारावी आणि कॉलेज, प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. आता प्रश्नांकडे येते.

प्रश्न : मॅडम, मी कागल तालुक्यातली. यंदा बारावी आर्ट्स झाले, ६८ टक्के पडले. मला पहिल्यापासून जिल्हा परिषदेच्या शाळेत बारक्या पोरांना शिकवायचंय. घरात म्हणतात डी.एड. बंद पडलंय, बी.ए. कर मग बी.एड. कर, बी.एड. वाला कुठंपण लागतो. खरं काय आहे?

बी.एड. वाला कुठंपण लागतो हे आता खरं नाही गं. २०१८ साली एनसीटीईने, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, पहिली ते पाचवीसाठी बी.एड. वाल्यांना परवानगी दिली होती, नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा या अटीवर. ती परवानगी सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात रद्द केली. लहान मुलांना शिकवायचं ट्रेनिंग वेगळं असतं आणि ते बी.एड. मध्ये मिळत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. मला हा निकाल मनापासून पटतो, पहिलीतल्या पोराला अक्षर ओळख करून देणं आणि नववीला कविता शिकवणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. म्हणजे तुला जे करायचंय त्यासाठी रस्ता डी.एल.एड. चाच आहे, ज्याला घरातले अजून डी.एड. म्हणतात तेच हे, फक्त नाव बदललंय.

बंद पडलंय असं घरातले का म्हणतात तेही सांगते, कारण त्यांची भीती काही उगाच नाही. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली, त्याआधी गावोगावी डी.एड. कॉलेजं निघाली होती, हजारो पोरं डी.एड. होऊन बसली आणि जागाच नाहीत. कुणी एमआयडीसीत गेलं, कुणी दुकान टाकलं, कितीतरी जणांचं वय निघून गेलं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात असं एखादं घर नाही असं गाव सापडणार नाही. मग कॉलेजंही एकेक करून बंद झाली. पण कोर्स बंद झालेला नाही, आणि २०१७ पासून अभियोग्यता चाचणी घेऊन भरती परत सुरू झालीय, संथ आहे पण आहे. वडिलांना हे नीट समजावून सांग, भांडू नको.

डी.एल.एड. दोन वर्षांचं असतं. सीईटी नसते, बारावीच्या मार्कांवर मेरिट लागतं, खुल्या गटाला ४९.५ टक्के आणि राखीवला ४४.५ टक्के लागतात, म्हणजे तुला काही अडचण नाही. प्रवेश पुण्याच्या एससीईआरटीकडून, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून, ऑनलाइन होतात, निकालानंतर त्यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेव कारण अर्जाची मुदत फार लांब नसते. काही अडलं तर आपल्या जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, सगळे डाएट म्हणतात, तिथं जाऊन सरळ विचार. डी.एल.एड. झालं की टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक द्यायचा. आणि पुढे बी.ए. पण पूर्ण कर, मुक्त विद्यापीठातून केलंस तरी चालेल, कारण पदवी आणि डी.एल.एड. असं दोन्ही असलं की पेपर दोन देऊन सहावी ते आठवीलाही तू पात्र होतेस. बी.ए. आधी आणि डी.एल.एड. मग असंही करता येतं, पण तुझं मन पक्कं असेल तर थांबायचं कशाला.

अजून एक वाट नवीन निघालीय ती पण कानावर असू दे. बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक कोर्स, आयटीईपी म्हणतात, २०२३-२४ पासून सुरू झाला. बी.ए. बी.एड. किंवा बी.एस्सी. बी.एड. एकदमच, म्हणजे एक वर्ष वाचतं. प्रवेशासाठी एनसीईटी नावाची देशपातळीवरची परीक्षा एनटीए म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, मराठीतूनही देता येते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता ही चार वर्षांची पदवीच करायचं लिहिलंय. फक्त संस्था अजून मोजक्या आहेत, घरापासून लांब होस्टेलला राहायची तयारी हवी.

आणि एक गोष्ट, कुणी "प्राथमिकची मास्तरीण व्हायचंय होय" असं नाक मुरडून बोललं तर मनाला लावून घेऊ नको. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुरू केलं ते प्राथमिकचंच होतं. त्या कामाला कमी समजणाऱ्याला ते काम माहीत नाही.

प्रश्न : मी बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला आहे, गडहिंग्लज. हायस्कूलला गणित-सायन्स शिकवायचंय. बी.एड. ची सीईटी कशी असते? आणि एकाने सांगितलं की एका कॉलेजात ॲडमिशन घेतलं की हजेरी लावायची गरज नाही, फक्त परीक्षेला यायचं, पैसे थोडे जास्त पडतात. तेवढ्यात दोन वर्षं नोकरी करता येईल असं वाटतंय. करू का?

पहिल्या भागाचं उत्तर पटकन देते. बी.एड. दोन वर्षांचं, पदवीला खुल्या गटात ५० आणि राखीवला ४५ टक्के हवेत, शेवटच्या वर्षात असताना सीईटी देता येते. राज्याचा सीईटी सेल ही परीक्षा घेतो, कॉम्प्युटरवर, १०० प्रश्न ९० मिनिटांत, चुकीला मार्क कापत नाहीत. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. इंग्लिश मीडियमला जायचं असेल तर ५० प्रश्नांची इंग्रजीची वेगळी चाचणी पण द्यावी लागते, आणि सायन्सवाल्यांनी ती द्यावीच असं मी म्हणेन कारण सेमी इंग्लिशच्या शाळा आता सगळीकडे आहेत. अभ्यासाचा ताण घेऊ नकोस पण हलक्यातही घेऊ नकोस, चांगलं कॉलेज मार्कांवरच मिळतं.

मग कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. इथं पोरं मार खातात ती कागदपत्रांवर. जातीचा दाखला आहे पण जात पडताळणी नाही, नॉन क्रिमिलेअरची मुदत संपलेली, डोमिसाइल काढायचंच राहिलं. हे सगळं सीईटीच्या आधी तहसीलमधून काढून फाईलला लावून ठेव. शिष्यवृत्ती आणि फी सवलत महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळते आणि ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच, मॅनेजमेंट कोट्याला नाही.

कॉलेज निवडताना दोन गोष्टी बघ. एनसीटीईच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी आहे, त्यात नाव आणि किती जागांची मान्यता आहे ते बघ, कॉलेजच्या बोर्डावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नको. दुसरं, खाजगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या साइटवर त्या कॉलेजचा आकडा दिसतो, त्याच्या वर एक रुपया कुणी मागितला तर पावती माग. कोल्हापुरात महाराणी ताराबाई शासकीय अध्यापक महाविद्यालय आहे, सरकारी असल्यामुळे फी कमी, त्यामुळे ऑप्शन फॉर्म भरताना ते वर ठेव. तुझ्याकडून गारगोटीही जवळ पडतं, मौनी विद्यापीठात शिक्षक घडवायची परंपरा जुनी आहे. देशाच्या शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचे सदस्य सचिव राहिलेले जे. पी. नाईक त्या संस्थेमागे होते, आणि ते आजऱ्याकडच्या बहिरेवाडीचे, म्हणजे तुमच्याच भागातले.

आता हजेरीचं. नको करू. नियमाने थिअरीला ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, त्यामुळे न येता दिलेली हजेरी ही खोटी हजेरी असते, आणि उद्या चौकशी लागली की कॉलेज हात वर करतं, डिग्री तुझी अडकते. शिवाय त्या दोन वर्षांत नोकरीचा पगार घेतल्याचे कागद बँकेत, पीएफमध्ये राहतात, ते पुढे पडताळणीत निघाले तर काय सांगणार?

पण त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. बी.एड. मध्ये नेमकं काय होतं ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. सुरुवातीला सूक्ष्म अध्यापन असतं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर वर्गातलेच सात-आठ जण विद्यार्थी म्हणून बसलेले, आणि एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त प्रश्न विचारायचे, उद्या फक्त फळा वापरायचा, परवा फक्त उदाहरणं द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण फळ्यावर पहिल्यांदा लिहिताना ओळ हमखास वर चढत जाते, आपण लिहिता लिहिता फळ्याशीच बोलायला लागतो आणि वर्गाकडे पाठ होते, प्रश्न विचारला की दोन सेकंदात आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. मागे बसलेला निरीक्षक ते सगळं कागदावर टिपत असतो, पाठ झाला की चर्चा, मग तोच पाठ परत. प्रश्न विचारून पाच सेकंद शांत उभं राहणं ही शिकावी लागणारी गोष्ट आहे. बहुतेकांना त्या पाच सेकंदांत घाम फुटतो, आणि ज्याला ते जमलं त्याच्या वर्गातली मागच्या बाकावरची मुलं बोलायला लागतात.

त्यानंतर खऱ्या शाळेत सराव पाठ आणि इंटर्नशिप, दोन वर्षांत मिळून २० आठवडे. रोजचं पाठ टाचण काढायचं, उद्दिष्ट काय, मुलांना आधीचं काय येतंय, कुठला प्रश्न विचारणार, साहित्य काय नेणार, गृहपाठ काय. आदल्या रात्री एक पाठाचं टाचण लिहायला दोन-दोन तास जातात, आणि दुसऱ्या दिवशी आठवीतलं एखादं पोरगं "मॅडम, ऋण गुणिले ऋण धन का येतं?" असं विचारतं आणि सगळं टाचण बाजूला राहतं. त्या क्षणी काय करायचं हे यूट्यूबवरून येत नाही. घरी बसून बी.एड. झालेली पोरं पुढे शाळेत पाठ्यपुस्तक वाचून दाखवतात, त्यांचा दोष कमी आणि त्यांना असं विकणाऱ्यांचा जास्त, पण भोगतात ती समोरची साठ मुलं.

पैशाची ओढ असेल तर संध्याकाळी दहावीचे गणिताचे क्लास घे. अनुभव पण मिळतो, आणि वर्गात शिकलेलं लगेच वापरून बघता येतं.

प्रश्न : बी.एड. झालंय, टीईटी दोनदा थोडक्यात हुकली, एकदा तर फक्त चार मार्कांनी. सीटीईटी सोपी असते म्हणतात, तिकडं वळू का? एक ठिकाणी पैसे देऊन पास करून देतो असंही सांगितलंय.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. २०१९-२० च्या टीईटीत मार्क वाढवून देण्याचा जो घोटाळा पुण्यात उघडकीला आला त्यात साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली, नोकरीला लागलेलेही त्यात होते. पैसे गेले, नोकरी गेली, नाव यादीत आलं. तो नंबर ब्लॉक करा.

आता परीक्षा. महाटीईटी म्हणजे राज्याची टीईटी, ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, सीटीईटी म्हणजे केंद्राची, ती सीबीएसई घेतं, भरतीला दोन्ही चालतात. दोन्हीकडे १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, पास व्हायला खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० मार्क, राखीवला ५५ टक्के. तुमचं बी.एड. आहे म्हणजे तुमच्या कामाचा पेपर दोन, सहावी ते आठवीचा. पेपर एक देऊन वेळ घालवू नका, फक्त बी.एड. वर पाचवीपर्यंत नोकरी मिळत नाही, वर कागलच्या मुलीला सांगितलंय ते वाचा.

सोपी-अवघड म्हणण्यापेक्षा वेगळी म्हणा. सीटीईटीत बालमानसशास्त्राचे प्रश्न प्रसंगावरचे जास्त असतात, "वर्गात असं झालं तर शिक्षक काय करेल" टाइपचे. भाषा म्हणून मराठी घेता येते पण बाकीचा पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, गणित-विज्ञानाचे मराठी शब्द डोक्यात बसलेल्याला तिथं अडखळायला होतं. महाटीईटी मराठीतून, पण माहितीचे प्रश्न जास्त. दोन्ही द्या, अभ्यास बऱ्यापैकी एकच आहे. सीटीईटी वर्षातून साधारण दोनदा होते, महाटीईटी २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी नोव्हेंबरात झाली.

चार मार्क कुठं गेले ते शोधायला जुन्या उत्तरतालिका काढा आणि विषयवार मोजा. माझा अंदाज आहे की भाषा दोन किंवा बालविकास यात गेले असणार, कारण सगळेजण ६० मार्कांच्या मुख्य विषयावर तुटून पडतात आणि भाषेचा उतारा शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. बालविकास, भाषा एक आणि भाषा दोन हे ३०-३० मार्कांचे तीन भाग मिळून ९० मार्क होतात, पास व्हायला लागतात तेवढेच. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आजन्म चालतं, आधी सात वर्षांची मुदत होती ती २०२१ मध्ये काढली.

प्रश्न : मी मुलीचा बाप, इचलकरंजी, मागावर काम करतो. मुलीचं एम.एस्सी. बी.एड. झालं, टीईटी पण पास. एका संस्थेत अनुदानित जागा आहे म्हणतात पण आत घ्यायला मोठी रक्कम मागतात. घरावर कर्ज काढायच्या विचारात आहे. योग्य होईल का?

दादा, कर्ज काढू नका. तुमचं पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही म्हणून हे उत्तर मोठं लिहितेय.

अनुदानित शाळेतली शिक्षकाची जागा आता पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवरून, भरली जाते. त्यासाठी मुलीने टीएआयटी दिलेली असायला हवी, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ती टीईटीपेक्षा वेगळी आहे आणि इथं खूप जणांचा घोळ होतो. टीईटी ही पात्रता, पास झाला की झाला. टीएआयटी ही मेरिटची परीक्षा, २०० प्रश्न १२० मिनिटांत, अभियोग्यता १२० मार्क आणि बुद्धिमत्ता ८०, यात पास-नापास नाही, जितके जास्त मार्क तितकी वरची शाळा. ती २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली, म्हणजे दरवर्षी नसते. मार्क आले की पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरायचं, मग जिल्हा परिषदा, नगरपालिका, महापालिका आणि खाजगी संस्था यांच्या जाहिराती येतात, आपण पसंतीक्रम द्यायचे. खाजगी संस्थांना मुलाखतीशिवाय किंवा मुलाखतीसह असे दोन पर्याय असतात, मुलाखतीसह असलं तरी उमेदवारांची नावं पोर्टलच पाठवतं, संस्थेला रस्त्यावरून कुणालाही उचलून घेता येत नाही.

मग पैसे मागणारे काय देतात? एक नियुक्तीपत्र. पण अनुदानित जागेवर पगार सुरू व्हायला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते आणि शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला नंबर, लागतो. बिंदुनामावलीत, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला राखीव त्या यादीत, ती जागा तुमच्या प्रवर्गाची आहे का, संच मान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शाळेला मंजूर झालेल्या शिक्षकांच्या संख्येत, जागा शिल्लक आहे का, हे सगळं जुळल्याशिवाय मान्यता येत नाही. माझ्या ओळखीतली एक मुलगी अशीच पैसे देऊन लागली, पाच वर्षं रोज शाळेत गेली, मस्टरवर सही केली, दहावीचा निकाल लावून दिला, आणि पगार एक रुपया नाही, कारण मान्यताच आली नाही. व्याज मात्र दर महिन्याला जात होतं. शाळेला विचारलं की प्रस्ताव वर पाठवलाय एवढंच उत्तर.

संस्था खरं बोलत असेल तर त्यांना तीन गोष्टी विचारा : पवित्र पोर्टलवर या जागेची जाहिरात आहे का, बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासलेली आहे का, आणि चालू वर्षाची संच मान्यता दाखवता का. हे प्रश्न ऐकूनच बहुतेक ठिकाणी बोलणं थांबतं.

मुलीकडे एम.एस्सी. बी.एड. आहे हे फार चांगलं आहे. ५० टक्क्यांवर एम.एस्सी. असेल तर ती अकरावी-बारावीलाही पात्र आहे, नववी-दहावीलाही आहे, आणि टीईटी असल्याने सहावी ते आठवीलाही, म्हणजे टीएआयटीत चांगले मार्क पडले तर पसंतीक्रमात तिच्याकडे तिन्ही गट आहेत. तोवर एखाद्या इंग्लिश मीडियम शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजला तासिका तत्त्वावर काम करू दे. लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर असतात, २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि ज्युनिअर कॉलेजला २० हजार, मग पूर्ण वेतनश्रेणी. वयाची अट खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३, तेवढं लक्षात ठेवा. जे पैसे कर्जाने आणणार होता त्याच्या व्याजाच्या एका हप्त्यात तिच्या टीएआयटीची सगळी पुस्तकं आणि ऑनलाइन टेस्ट सिरीज होऊन जाईल.

प्रश्न : मराठी घेऊन एम.ए. करतोय शिवाजी विद्यापीठात. प्राध्यापक व्हायचंय. बी.एड. लागतं का?

सिनिअर कॉलेजला नाही लागत. एम.ए. ला ५५ टक्के, राखीवला ५० आणि नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही प्राध्यापक पात्रता परीक्षा. सेट पुणे विद्यापीठ घेतं, मराठी विषयाचा पेपर तिथंही आहे. पण मी सांगेन की बी.एड. पण करून ठेव. मराठीच्या सिनिअरच्या जागा फारच कमी निघतात आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, पोरं दहा-दहा वर्षं काढतात, एम.ए. बी.एड. असलं की ज्युनिअर कॉलेज आणि हायस्कूल ही दोन दारं उघडी राहतात. आणि अकरावीला चांगलं मराठी शिकवणारा शिक्षक मिळणं ही आज खरंच गरज आहे.

प्रश्न : फुटबॉल खेळतो, शाहू स्टेडियमवर दोन सीझन खेळलोय, बी.ए. झालंय. पीटीचा सर व्हायला काय करावं? माझ्या भावाला ड्रॉइंग शिक्षक व्हायचंय.

तुला बी.पी.एड., दोन वर्षं, पदवीनंतर. सीईटी वेगळी असते आणि लेखी बरोबर मैदानी चाचणी पण असते, म्हणून सीझन संपला तरी फिटनेस सोडू नको. खेळल्याची सर्टिफिकेटं सांभाळ, विद्यापीठ आणि असोसिएशन दोन्हीकडची. भावाने ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्यात का ते बघ, त्या पास असतील तर एटीडी म्हणजे कला शिक्षक पदविका. कोल्हापुरात कलानिकेतन आहे, तिथं चौकशी कर.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. बी.एड. कर्नाटकातून झालंय, मराठी माध्यम. कोल्हापूर जिल्ह्यात अर्ज करता येतो का?

एनसीटीई मान्यता असलेलं बी.एड. देशभर चालतं, ती अडचण नाही. कर्नाटकची टीईटी मात्र इकडे चालत नाही, महाटीईटी किंवा सीटीईटी द्या. रहिवासाचं म्हणाल तर महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी लोकांना इथल्या नोकऱ्यांसाठी ग्राह्य धरतं, निपाणी त्यात येतं, पण त्याचा दाखला वेळेत काढा, जाहिरात आल्यावर धावपळ करू नका.

प्रश्न : वय ४५, खाजगी अनुदानित शाळेत सातवीला शिकवते, २००८ पासून. आता टीईटी द्यायला लागणार म्हणतात. खरं का?

हो ताई, खरं आहे. सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल, पहिली ते आठवीला शिकवणारे आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेले, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पाच वर्षांपेक्षा कमी राहिली असतील त्यांना नोकरीत राहता येतं पण बढती हवी असेल तर टीईटी लागते. अल्पसंख्याक संस्थांना टीईटी लागू होते का हा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेलाय. तुम्हाला वाईट वाटणं मी समजू शकते, इतकी वर्षं शिकवल्यावर परीक्षा. पण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र तुमच्या हातचा मळ आहे, बालविकासाचे ३० मार्क तेवढे नव्याने वाचायला लागतील. शाळेतल्या चार-पाच जणींनी मिळून शनिवारी दुपारी बसा, एकटीने करू नका.

प्रश्न : बी.कॉम. होऊन बारा वर्षं झाली, वय ३३, दोन मुलं. आता शिक्षिका होता येईल का, का उशीर झाला?

उशीर झालेला नाही, पण कोर्स निवडताना चूक करायला तुमच्याकडे वेळ नाही. बी.एड. ला वयाची अट नसते. फक्त दहावीपर्यंत कॉमर्स हा विषयच नाही, म्हणून नुसतं बी.कॉम. बी.एड. करून हायस्कूलला अडचण येते. तुमच्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे अकरावी-बारावी कॉमर्स. त्याला एम.कॉम. ५० टक्क्यांवर आणि बी.एड. लागतं, टीईटी लागत नाही, टीएआयटी लागते. एम.कॉम. बाहेरून करा, शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात चौकशी करा, आणि दुसऱ्या वर्षाला असतानाच बी.एड. ची सीईटी देऊन टाका. हिशोब केला तर ३७ ला हातात दोन्ही पदव्या येतात, खुल्या गटात असाल तर ३८ च्या वयोमर्यादेला वर्षभरच उरतं, म्हणून टीएआयटीचा बुद्धिमत्तेचा भाग आत्तापासून रोज अर्धा तास करत राहा. २०२५ ला बी.एड. च्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही टीएआयटीला बसू दिलं होतं, पास झाल्याचं प्रमाणपत्र मुदतीत द्यायचं या अटीवर, ज्यांनी दिलं नाही त्यांचा निकाल राखून ठेवला, तेव्हा तशी संधी परत आली तर फॉर्म भरा आणि कागद वेळेत पोचवा. मुलांकडे दुपारी कोण बघणार हे मात्र बी.एड. ला प्रवेश घ्यायच्या आधी घरात बोलून पक्कं करा. पहिल्या वर्षाच्या इंटर्नशिपला सकाळची शाळा मिळाली तर सहाला घर सोडावं लागतं आणि माझ्या वर्गातल्या बायकांचं नेमकं तिथंच अडतं.